बिराजदार मॅडमचा डावा कान

माफी आधीच मागून ठेवतो. माणसांबद्दल लिहिणारे लोक मोठे असतात, त्यांनी पुष्कळ जग पाहिलेलं असतं. मी नांदेडला औषधनिर्माणशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि परीक्षेतल्या निबंधापलीकडे मी आजवर काही लिहिलेलं नाही. त्यात मुलगा असून मुलींच्या दुखण्याबद्दल लिहिणार आहे. म्हणून आधी बहिणीला विचारलं, लिहू का? ती म्हणाली, "लिही की. पण मला बारीक करून लिहू नको. जशी होते तशी लिही." तिची परवानगी मिळाली, मग धीर केला.

गोष्ट पाळीची आहे. हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नसे. 'ते' म्हणायचे, किंवा नुसतं गप्प बसायचे. तो शब्द मी पहिल्यांदा मोठ्यानं ऐकला तो बिराजदार मॅडमच्या वर्गाबाहेर, भर दुपारी, सगळ्यांदेखत.

मॅडम लातूरला आमच्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायच्या. ठेंगण्या, चालणं भरभर, साडी सुती आणि पायात कॅनव्हासचे पांढरे बूट. अंबाड्यात खडू खोचलेला असायचा. तो तिथे आहे हे विसरून त्या टेबलावर खडू शोधायच्या, आणि सगळा वर्ग त्यांच्या अंबाड्याकडे बोट दाखवायचा. उदगीरकडच्या असल्यामुळे बोलण्यात कानडी मिसळलेलं. मुलगा असला की 'तम्मा', मुलगी असली की 'तंगी'. म्हणजे धाकटा भाऊ, धाकटी बहीण.

भेटल्यावर त्या नमस्कार करत नसत. विचारायच्या, "काय खाल्लंस?" प्राचार्यांनाही हेच, शिपायालाही हेच. नुसतं 'जेवलो' म्हटलेलं चालायचं नाही. "काय जेवलास? भाकरी का भात? वरण घट्ट का पातळ?" एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनाही विचारलं. साहेब आधी गोंधळले आणि मग खुर्चीत मागे रेलून मिरचीच्या ठेच्याबद्दल बराच वेळ बोलले. तपासणी त्या दिवशी लवकर आटोपली.

मॅडमना डाव्या कानानं कमी ऐकू यायचं. निदान त्या तसं सांगायच्या. कुणी दबक्या आवाजात बोललं की डावा कान पुढे करून म्हणायच्या, "मोठ्यानं बोल, ऐकू येत नाही." पण चाचणीत मागच्या बाकावर कुणी उत्तर कुजबुजलं की फळ्याकडे तोंड असतानाच म्हणायच्या, "तम्मा, ते यकृत नाही, स्वादुपिंड आहे. कॉपी करायची तर बरोबर तरी कर." त्यामुळे त्या कानाबद्दल वर्गात दोन पक्ष होते. मी कुठल्याच पक्षात नव्हतो. गेल्या महिन्यापर्यंत मलाही खात्रीनं सांगता आलं नसतं, पण ते पुढे.

लातूरला आसपासच्या चार-पाच जिल्ह्यांतली मुलं-मुली शिकायला येतात. सकाळी क्लास, मग कॉलेज, मग पुन्हा क्लास, मग खोलीवर अभ्यास. दिवसभर बसूनच. खायला बिस्किटं, फरसाण, नूडल्स. त्या वर्षी तास संपला की एखादी मुलगी मॅडमच्या टेबलाजवळ घुटमळायची. एकदा अशीच एकजण आली. मी आणि माझे दोन मित्र दाराशी पायताण घालत होतो.

"मॅडम, ते येत नाही."

"काय येत नाही? एसटी?"

"ते, मॅडम."

"मोठ्यानं बोल तंगी. हा कान कामाचा नाही."

मुलीनं आमच्याकडे पाहिलं, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि एका दमात म्हणाली, "पाळी येत नाही, मॅडम."

"हं. आता ऐकू आलं. कधीपासून?" पाऊस कधीपासून नाही असं विचारावं, तसं त्यांनी विचारलं.

आम्ही तिघं फरशीकडे बघत होतो. मॅडम म्हणाल्या, "तम्मांनो, खाली काही सांडलंय का? नाही ना? मग वर बघा. तुमच्याही घरी बहिणी आहेत."

माझ्या घरी होतीच. भाग्यश्री, आम्ही भागू म्हणतो. मी बारावीला, ती त्याच कॉलेजात अकरावीला. आम्ही देवणीचे. अप्पांचं तिथे पेंड-गुळाचं छोटं दुकान आणि मागे गोठ्यात देवणी गाई. आमच्या शिक्षणासाठी अव्वा, म्हणजे आई, आमच्याबरोबर लातूरला एका खोलीत राहायची. देवणीच्या शाळेत भागू खो-खोत सगळ्यात चपळ होती. दहावीलाच लातूरला आल्यापासून ती सुटत गेली. तोंडावर पुरळ, हनुवटीवर चार केस, जे ती आरशापुढे दोऱ्यानं ओढून काढायची. ती आणि अव्वा हळू बोलत असायच्या आणि मी आत गेलो की गप्प व्हायच्या. मला वाटायचं, माझ्या मार्कांबद्दल बोलतात.

मग मॅडमचा तो तास झाला. आजही आठवला की मला बसल्या जागी बसवत नाही.

"लातूरच्या पोरांना हार्मोन शिकवायचं तर आडत बाजारात जायला पाहिजे," असं म्हणून त्यांनी बाक सरकवायला लावले. "तुम्ही खाल्लेल्याची साखर होते, ती रक्तात येते. ती म्हणजे तुरीची पोती. शरीरातल्या पेशी म्हणजे गोदामं. पोतं आपणहून गोदामात जातं का?"

"न्हाई मॅडम."

"काय लागतं?"

"हमाल."

"इन्सुलिन म्हणजे हमाल." सहा मुलांच्या पाठीवर दप्तरं दिली आणि त्यांना हमाल केलं. पहिल्या बाकावरच्या मुलींना गोदाम केलं. आधी मुलींनी हात बाजूला करायचे, दप्तर आत घ्यायचं. छान चाललं. मग मॅडम म्हणाल्या, "आता दारं जाम करा. उघडू नका." मुलींनी हाताच्या घड्या घातल्या. हमाल दप्तरं घेऊन ताटकळले.

"पोती रस्त्यावर पडलीत. मुकादम काय करणार?"

"आणखी हमाल बोलावणार," मागून कुणीतरी म्हणालं.

"या मग." अख्खा मागचा बाक उठून पुढे आला. मीही गेलो. गोदामापुढे ही गर्दी झाली, एकमेकांच्या पायावर पाय. काही पोती ढकलून ढकलून आत गेली, बाकीची बाहेरच. मॅडमचा आवाज चढला होता, डोळे चमकत होते, खडू अंबाड्यातून गळून पडला होता. "आता इतके हमाल गोळा झाले, आणि दारं जाम. हे रिकामे हमाल कुठे जातील?"

"टपरीवर."

"शेजारच्या घरात जातील आणि उच्छाद मांडतील. शेजारचं घर अंडाशयाचं. ते बिचारं महिन्याचं आपलं काम गुमान करत असतं. पुरुषांत असतं ते हार्मोन तेही थोडंसं बनवतं, प्रत्येक बाईच्या अंगात ते असतं. हे हमाल जाऊन त्याच्या मागे लागतात, अजून बनव, अजून बनव. मग काय होतं? अंडं पिकत नाही. पाळी लांबते, थांबते. हनुवटीवर केस येतात, तोंडावर पुरळ येतं. आणि जादा पोती शेवटी कुठे टाकतात? चरबीच्या कोठारात. मुलगी जाड होते आणि लोक म्हणतात, खादाड आहे."

कुणीच हसलं नाही. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, दार जाम कशानं होतं?"

"सगळं अजून मोठ्या डॉक्टरांनाही उलगडलेलं नाही. काहींचं दार जन्मापासून जड असतं, आईबापाकडून आलेलं. काहींचं बसून बसून गंजतं. बारीक मुलींचंही होतं बरं, जाडीवर जाऊ नका." मग त्या थांबल्या आणि हळूच, गुपित सांगावं तसं म्हणाल्या, "पण गोदामाला मागचं दार असतं. तुम्ही चाललात, पळालात, की स्नायूंचं मागचं दार उघडतं. तिथून पोती आत जातात. त्या दाराला हमाल फार लागत नाहीत."

पुढच्या आठवड्यात हाच तास भागूच्या वर्गावर झाला. ती घरी आली, जेवली नाही, आरशापुढे उभी राहून हनुवटीवरून बोट फिरवत राहिली. मला तेव्हा कळलं की अव्वा आणि ती माझ्या मार्कांबद्दल बोलत नव्हत्या. तिची पाळी चार-पाच महिने आली नव्हती.

श्रावणात पालकसभा होती. त्या सकाळी अव्वानं भागूला पाटावर बसवलं आणि लिंबू-सोड्यानं तिची मान घासायला घेतली. भागूच्या मानेवर काळा पट्टा उठला होता, मखमलीसारखा. आम्ही लिंगायत. लहानपणीच इष्टलिंग दोऱ्यात गळ्यात येतं. अव्वाची खात्री होती की हे त्या दोऱ्याचं घासणं आहे. तिनं सुती दोरा काढून रेशमी केला होता, तरी पट्टा वाढतच होता.

"अव्वा, आग व्हायली," भागू म्हणत होती.

"होऊ दे. चारचौघांत मळकी दिसाय लागलीस."

सभेला भागूची मान लालबुंद होती. मॅडमनी आधी तिला "काय खाल्लंस" विचारलं, मग मानेकडे बघितलं आणि अव्वाकडे वळल्या. अव्वानं आपणच सांगायला सुरुवात केली, "दोऱ्याचं हाय ते, मॅडम. घासतोय. आता चांदीची साखळी करावं म्हणताव."

मॅडमनी पदर थोडा सरकवला आणि स्वतःच्या गळ्यातला दोरा बाहेर काढला. "अव्वा, मी आठ वर्षांची होते तेव्हापासून आहे हा. माझ्या मानेला हात लावून बघा."

अव्वा बिचकली. मास्तरणीच्या मानेला हात कसा लावायचा? मॅडमनी तिचा हात धरून स्वतःच मानेवर ठेवला.

"मऊ हाय," अव्वा म्हणाली.

"आता तुमची दाखवा."

अव्वानं पदर आवरून घेतला, पण मॅडमनी बघायचं ते बघितलं होतं. अव्वाच्या मानेवरही तसाच पट्टा होता. जुना, जाड. आम्ही तो रोज बघत होतो आणि कधी पाहिला नव्हता.

"तुम्हाला शुगर आहे ना?"

अव्वा भागूकडे बघायला लागली. "हिनं सांगितलं का?"

"तुमच्या मानेनं सांगितलं. दोरा बिचारा निर्दोष आहे, अव्वा. रक्तात इन्सुलिन वाढलं की मान अशी होते बऱ्याचदा. हा मळ नाही, घासून जायचा नाही. तुम्ही ज्या रस्त्याला चाळिशी उलटल्यावर लागलात, ही पोरगी त्या रस्त्याला सोळाव्या वर्षी निघालीय."

अव्वा खुर्चीत बसली. इतका वेळ ती उभीच होती.

पुढचं वाक्य मला मॅडमचं सगळ्यात जास्त आवडतं. त्या म्हणाल्या, "मी मास्तरीण आहे, डॉक्टर नाही. मला फक्त शंका घेता येते." आणि शनिवारी त्या आमच्याबरोबर दवाखान्यात आल्या. डॉक्टरीण बाईंनी रक्त तपासलं. इन्सुलिन जास्त होतं आणि साखर काठावर. अजून शुगरचा आजार नाही, पण एक पाऊल पुढे टाकलं की आहे. या वयात आजाराला नाव द्यायची घाई करू नका, असं त्या म्हणाल्या. गोळ्या दिल्या आणि खाणं, हालचाल बदलून काही महिन्यांनी परत तपासायला बोलावलं.

अव्वानं त्यावर आपल्या परीनं उपाय काढला. भागूचे सोमवार कडक केले. वजनही उतरेल आणि महादेवही बघेल. एका सोमवारी संध्याकाळी मॅडम न सांगता खोलीवर आल्या.

"काय खाल्लंस, तंगी?"

"उपास हाय मॅडम."

"हो, पण खाल्लंस काय?"

भागूनं सांगितलं. साबुदाण्याची खिचडी, दोन केळी, बटाट्याचा चिवडा, राजगिऱ्याचा लाडू, आणि गोड चहा तीनदा.

"हा उपास आहे का वाढदिवस?"

मी हसलो. अव्वानं माझ्याकडे डोळे वटारले. मॅडम म्हणाल्या, "अव्वा, महादेवाला साबुदाणा माहीत तरी आहे का? ही सगळी पोतीच पोती. अन् दार जाम."

"मंग उपाशी मारू का लेकराला?" अव्वाही काही कमी नाही.

"उपाशी तर मुळीच नाही. जेवू घाला. ज्वारीची भाकरी, घट्ट वरण, पालेभाजी, ताक."

"सोमवारी भाकर?"

"माझ्या नावावर उपास मोडा. महादेवानं विचारलं तर सांगा, बिराजदार मास्तरणीनं सांगितलं, ती बघून घेईल."

अव्वानं बराच विचार केला. मग परात ओढली आणि पीठ घेतलं. मॅडमसाठी एक भाकरी जास्तीची टाकली.

त्याच आठवड्यात कॉलेजच्या मागच्या मैदानावर संध्याकाळचा खो-खो सुरू झाला. पहिल्या दिवशी पाचच मुली, ओढण्या सावरत. भिंतीवर बसून काही पोरं शिट्ट्या मारत होती. मॅडम बुटांची नाडी बांधत म्हणाल्या, "तम्मांनो, खाली या रे. पाटीत बसायला माणसं कमी पडायलीत." पोरं भिंतीच्या पलीकडे उतरली आणि पुन्हा दिसली नाहीत. भागू पहिल्याच डावाला धापा टाकत खाली बसली.

"माझ्यानं होत न्हाई मॅडम. पहिली भागू राहिली न्हाई आता."

"पहिली कशाला पाहिजे? जी आहे तिला उठव."

आठवडाभरात पाचाच्या वीस मुली झाल्या. क्लासला जाताना, जिन्यात भेटल्या की त्या एकमेकींना म्हणायच्या, "चल, मागचं दार उघडायला." बाकीच्यांना वाटायचं, कुठल्यातरी गोदामात कामाला जातात.

सगळं इतकं छान चाललं होतं, आणि दिवाळी आली. आम्ही देवणीला गेलो. दुसऱ्या दिवशी अप्पांनी अव्वाला सांगितलं की भागू आता परत जाणार नाही. भालकीचं स्थळ आलं होतं. साखरपुडा आता करायचा, लग्न अठरा पूर्ण झाल्यावर. नात्यातल्या कुणीतरी अप्पांना पटवलं होतं की मुलींचं हे असलं लग्न झालं की आपोआप नीट होतं. भागू चुलीपुढे बसून राहिली. ती रडली असती तर बरं वाटलं असतं. मी गोठ्यामागे जाऊन मॅडमना फोन केला.

"मॅडम, भागूला ठेवून घ्यायलेत."

"मोठ्यानं बोल," त्या म्हणाल्या. मी मोठ्यानं बोललो. गाईनं मान वळवून बघितलं.

दुसऱ्या दिवशी त्या दिवाळीच्या सुट्टीत एसटीनं देवणीला आल्या. सरळ दुकानात शिरल्या.

"शरणार्थी अप्पा."

"शरणार्थी अक्का. बसा, बसा." अप्पा खुर्ची शोधायला लागले, तोवर मॅडम पेंडीच्या पोत्यावर बसल्याही होत्या.

"काय खाल्लंत?"

"आं? भाकर. आन् वांग्याचं भरीत."

"छान. आता भागूचं बोलू."

अप्पांनी आवाज खाली आणला. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. "अक्का, पोरीचं जरा... ते बायकांचं..."

डावा कान पुढे आला. "मोठ्यानं बोला अप्पा, ऐकू येत नाही."

"ते हो. ते असतंय न्हाई का... ते."

"काय?"

अप्पांनी कुणी मागितलेला नसताना गूळ तोलायला घेतला. त्यांचे कान लाल झाले होते. मॅडम म्हणाल्या, "आपल्या लिंगायतांत विटाळ मानत नाहीत, अप्पा. मग नाव घ्यायला काय हरकत आहे?"  अप्पा गूळ तोलत राहिले. तो शब्द त्यांच्या तोंडातून निघाला नाही.

मग मॅडमनी आवाज न चढवता सगळं समजावलं. पोती, हमाल, जाम दारं. म्हणाल्या, "लग्नानं दार उघडत नाही. उद्या ही भालकीला जाईल, साखर वाढेल, मूल राहायला उशीर होईल, आणि बोल हिलाच लागेल. आज आटोक्यात येतंय ते तेव्हा येणार नाही."

अप्पा समोरच्या गाईकडे बघत होते. मग म्हणाले, "अक्का, कालवड लई चरबी धरली की माजावर येत न्हाई. आम्ही पेंड कमी करताव आन् शिवारात चालवताव."

आतल्या दारातून भागूचा आवाज आला, "अप्पा, मी कालवड हाय का?"

गिऱ्हाइकं हसली. अप्पा "गप बस" म्हणाले, पण त्यांच्या मिशीखाली हसू होतंच.

"कालवड नाही," मॅडम म्हणाल्या. "पण त्या कालवडीला तुम्ही लगेच बाजार दाखवता का?"

"न्हाई. तिला टायम देताव."

"मग लेकीला?"

अप्पांनी गूळ परत ढेपेवर ठेवला. "गुढीपाडव्यापतोर. पाडव्यापतोर बघू. न्हाई फरक पडला तर मंग माझं ऐकायचं, अक्का."

"हे मात्र नीट ऐकू आलं," मॅडम म्हणाल्या.

भागू आमच्याबरोबर लातूरला परतली. तेव्हापासून तिला मैदानावर बोलवावं लागलं नाही. पाटीत कुणी उशीर केला तर तीच ओरडायची. सकाळी ती भाकरी बांधून घ्यायची आणि गोळी विसरायची नाही. कॅलेंडरकडे मात्र बघायची नाही. अव्वा बघायची.

आणि संक्रांतीनंतर मॅडमची बदली झाली. आमच्या संस्थेची एक शाखा नांदेड जिल्ह्यात, इस्लापूरला आहे. तिथे जीवशास्त्राला कुणी नव्हतं. मॅडमना त्याचं काही दुःख झालेलं दिसलं नाही. "तिथे मैदान मोठं आहे म्हणतात," एवढंच म्हणाल्या.

लातूरच्या बसस्थानकावर आम्ही सगळे गेलो होतो. त्या नांदेडच्या गाडीत खिडकीशी बसल्या होत्या. कंडक्टर तिकिटाचं विचारायला आला, तर त्यांनी त्याला आधी "काय खाल्लंस तम्मा?" विचारलं. भागू खिडकीखाली उभी राहून काहीतरी म्हणाली. मॅडमनी कान पुढे केला. तेवढ्यात गाडी हलली. भागू गाडीबरोबर पळायला लागली. फाटकापर्यंत पळाली. मॅडमनी हात हलवला नाही. त्या खिडकीतून वाकून तिच्या पायांकडे बघत होत्या. गाडी वळता वळता त्यांनी खिडकीच्या दांडीवर थाप मारली आणि मोठ्यानं म्हणाल्या, "खो." भागू परत आली तेव्हा तिला धाप लागलेली नव्हती. मी मॅडमना पाहिलं ते तेवढंच.

पाडव्याला थोडे दिवस राहिले असताना एका सकाळी अव्वानं अप्पांना फोन लावला.

"आली बघा," ती म्हणाली.

"कोण आली?"

"अव्हो, ती."

 मग अप्पा म्हणाले, "बरं," आणि फोन ठेवला. पुढच्या आठवड्यात तपासणी झाली. साखर काठावरून मागे सरकली होती. पाडव्याला घरी गेलो तेव्हा अप्पा जेवता जेवता एवढंच म्हणाले, "भालकीवाल्यांला न्हाई म्हणून कळवलं. जा म्हणावं लातूरला." पाडव्यानंतर ते गोऱ्हा बघायला म्हणून दोन दिवस बाहेर गेले आणि हात हलवत परत आले. मनासारखं जनावर मिळालं नाही म्हणाले.

भागूचं सगळं कायमचं बरं झालं असं मी लिहिणार नाही. परीक्षेच्या दिवसांत बसणं वाढलं की पाळी पुन्हा लांबते. डॉक्टरीण बाई म्हणतात हे सांभाळत राहायचं असतं. पण साखर काठाकडे परत गेलेली नाही, आणि आज ती लातूरला पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे, कॉलेजच्या खो-खो संघात आहे. अव्वाही संध्याकाळी चालते. तिची शुगरही उतरली आहे.

हे सगळं मॅडमना कळवायचं राहून गेलं. त्यांचा फोन जुना, बटणांचा. इस्लापूरला गेल्यापासून तो लागतच नव्हता. भागूला याची फार रुखरुख. ती म्हणायची, ज्या माणसानं पाडव्यापर्यंतचा वेळ मागून आणला, त्यालाच पाडव्याला काय झालं ते माहीत नाही.

गेल्या महिन्यात मी नांदेडला आमच्या कॉलेजच्या फाटकाशी उभा होतो. पहिल्या वर्षाच्या तीन-चार मुली बाहेर पडत होत्या. त्यातली एक म्हणाली, "चला गं, मागचं दार उघडायला."

मला मुलींशी आपणहून बोलायची सवय नाही. पण त्या दिवशी मी अक्षरशः पळत गेलो. "तुम्ही बिराजदार मॅडमच्या विद्यार्थिनी का?"

ती दचकली. "तुम्हाला कशा माहीत?"

"काय खाल्लं ते विचारतात अजून?"

ती हसायला लागली. तिचं नाव कविता, इस्लापूरची. मॅडम तिथेच आहेत, मैदान खरंच मोठं आहे, रोज चाळीसेक मुली खेळतात, हिमायतनगरहूनही काही येतात, असं ती भराभर सांगत होती आणि मी नुसता 'हो, हो' म्हणत होतो. मग ती म्हणाली, "पण आधी तिथं पोरी बोलायच्याच न्हाईत. मॅडम नव्या होत्या. खेळायला यायच्या, पण दुखणं कुणी सांगायचं न्हाई. ते एक अप्पा येऊन गेल्यापासून बोलाय लागल्या."

"कोण अप्पा?"

"पाडवा झालता नुकताच. आम्ही पाटीत बसलो होतो. फाटकातून एक माणूस आला. कपाळाला विभूती, डोक्यावर टोपी, हातात तुपाची बरणी. लई लांबून आला असणार, कपडे सगळे धुळीनं भरले होते. म्हणाला, देवणीचा हाव."

"देवणीचा?" मी परत विचारलं. 

"मॅडम जवळ गेल्या. काय खाल्लंत, विचारलं. तो हळूच कायतरी म्हणाला. मॅडमनी कान पुढं केला, मोठ्यानं बोला अप्पा, ऐकू येत न्हाई. तो परत पुटपुटला. परत मॅडम म्हणल्या, मोठ्यानं. त्यानं आमच्याकडं बघितलं. चाळीस पोरी बसलेल्या. बरणी खाली ठेवली, टोपी काढली, डोळे मिटले, आन् मैदानाच्या त्या टोकापतोर ऐकू जाईल असा ओरडला, माझ्या लेकीची पाळी सुरू झाली, अक्का."

"मग?"

" मी मॅडमच्या अगदी जवळ बसले होते. मॅडमनी ती टोपी उचलली, झटकली आन् त्याच्या हातात दिली. म्हणल्या, ऐकू आलं अप्पा. पहिल्यांदा म्हणालात तेव्हाच आलं होतं."